पायातल्या मुंग्या आणि मुरबाडची वीट

पायाला मुंग्या येतात असं एकदा चारचौघांत बोलून बघा, जगात किती वैद्य आहेत ते कळेल. आमच्या कोल्हापुरात तर गल्लीच्या तोंडापासून सुरुवात झाली. दूधवाला म्हणाला, म्हशीचं तूप चोळा. शेजारची म्हणाली, शनीचा पाय आहे. भाचा म्हणाला, मावशी, योगा कर. एका विद्वानानं तर मला तांब्याची तार घोट्याला गुंडाळायला आणून दिली. मी अठ्ठावीस वर्षं हायस्कुलात शास्त्र शिकवलेली बाई, तांब्याच्या तारेचा उपयोग कशाला होतो ते मला सांगायला निघालेला!

खरं काय ते डॉक्टरांनी शोधून काढलं होतं. तीन बाटल्या रक्त काढून, पायांना विजेचे चटके देऊन, महिनाभर फेऱ्या मारायला लावून. साखर नाही, जीवनसत्त्वाची कमतरता नाही. रक्तात एक प्रथिन नको तसलं आणि नको तेवढं तयार होतंय, आणि ते पायाच्या नसांवरचं वेष्टन खातंय. वायरीवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं तसं. मग डॉक्टरांनी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला नादकाटा ठोकून माझ्या अंगठ्याच्या हाडावर ठेवला आणि विचारलं, "बाई, कळतंय का थरथर?"

मी म्हटलं, "कळतंय की."

"पायाला अजून कळत असेल तर सहा महिने थांबून बघू. कळायचं बंद झालं असतं तर मात्र लगेच गोळ्या सुरू केल्या असत्या." कसल्या गोळ्या म्हणून विचारलं तर म्हणे, कॅन्सरला देतात त्यातल्याच, पण तुम्हाला कॅन्सर नाही हो, घाबरू नका. म्हणजे रोग नाही तो नाहीच, वर त्याचं औषध खा! नसांतली एकदा गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, असंही ते म्हणाले. पण तोवर मी पर्स उचलून दाराशी पोचले होते, तेव्हा ते मी ऐकलं नाही असं धरून चालले.

अशात धाकट्या बहिणीचं, सुमीचं पत्र आलं. ही ठाणे जिल्ह्यातल्या किन्हवलीला दिलेली. तिनं लिहिलं होतं, "इथं मुरबाडच्या पुढं एका पाड्यावर सोमाबाबा म्हणून आहेत. वीट तापवून पाय शेकतात. लांबून लांबून माणसं येतात. ताई, एकदा येऊन जा." मी पत्र वाचून हसले आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं. त्या बाबाचं पितळ उघडं पाडायला जातेय असं मी सगळ्यांना सांगितलं. साल सत्त्याण्णवचं, एप्रिल महिना.

शहापूर

आसनगावला गाडीतून उतरलं की डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसतात. डोंगर चांगला आहे, त्यात इथल्या माणसांचा काही हात नाही. पुढं शहापूरचं एसटी स्टँड. तिथं जे ऊन होतं त्याला ऊन म्हणायचं नाही, दुसरा शब्द शोधायला पाहिजे. कोल्हापूरचं ऊन कोरडं, मारतं आणि सोडून देतं. हे अंगाला चिकटतं. चहा मागितला तर बोटभर पेल्यात आला. आमच्याकडं एवढा चहा मांजराला पण देत नाहीत.

किन्हवलीची गाडी कुठं लागते ते विचारायला मी स्टँड ओलांडून गेले, कंट्रोलरशी भांडले, त्यानं दाखवलेल्या फलाटावर गेले, तिथून दुसऱ्या फलाटावर. मागून कुणीतरी ओरडत होतं. वळून बघितलं तर करवंदं विकणारी एक बाई माझी एक चप्पल हातात धरून पळत येत होती.

"ओ बाय! चप्पल राह्यली तुमची तिकडं! येवढ्या डांबरावर अनवाणी चालता, भाजत नाय काय?"

माझा डावा पाय खरोखरच अनवाणी होता. किती वेळ होता कोण जाणे. मी म्हटलं, "चप्पल ढिली झालीय. हल्लीच्या कारागिरांना चामडं कळत नाही." अस्सल कोल्हापुरी चप्पल, आमच्या नेहमीच्या माणसानं पायाचं माप घेऊन केलेली. त्या बिचाऱ्याला मी शहापूरच्या स्टँडावर उभी राहून शिव्या घातल्या. बाईनं माझ्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं, आणि एक द्रोण करवंदं घ्यायला लावली. कच्ची होती. चीक दिवसभर ओठाला राहिला.

किन्हवली

शेणवा गाव मागं टाकून किन्हवलीत पोचेपर्यंत खिडकीतून एकच देखावा: शेतंच्या शेतं काळी ठिक्कर. मला वाटलं गावाला आग लागली होती की काय. सुमीच्या सासूनं खुलासा केला. या बाई पंच्याहत्तरीच्या, पाठ ताठ, आवाज त्याहून ताठ. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या रचायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. याला राब भाजणं म्हणतात.

मी म्हटलं, "मावशी, आमच्याकडं शेणखत जमिनीत घालतात. जाळून धूर करत नाहीत."

"तुमच्याकडं काय ऊस लावायचा नि पाय पसरून बसायचं," त्या म्हणाल्या. "आमी राब नाय भाजला तर रोप निस्तं गवतात बुडंल. शाळा शिकवलीस ना गो तू?"

सुमी पदराआड हसली. मला हसायला आलं नाही. तण आणि किडीची अंडी मरतात, हे तिथल्या तिथं माझ्या लक्षात आलं होतं. पण कबूल कोण करतंय.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. भाकरी पांढरीशुभ्र, पातळ, मऊ. हे मी मनापासून सांगते, तशी भाकरी मला सात जन्मांत जमायची नाही. बिरडं मात्र गोडसर. तिखट मागितलं तर सासूबाईंनी दोन हिरव्या मिरच्या ताटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "घे, चाव." सुकटीचा वास मी नाकातून घेतला नाही, तोंडानं श्वास घेत जेवले. वाढता वाढता सुमी माझ्या पायांकडं बघत होती.

"ताई, मघाशी उंबऱ्याला ठेच लागली तुला. अंगठ्याचं नख उचकटलंय. रक्त आलंय."

"लागली असेल."

"दुखलं नाही?"

"मी काय लहान पोर आहे ऊं ऊं करायला?"

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "घाटावरच्या बाया, दगडाच्या." मला ते आवडलं. त्या दिवशी मी दोनदा ते वाक्य आठवून खूश झाले, हे सांगायला आता लाज वाटते. सुमीनं हळद आणून माझ्या अंगठ्यावर दाबली आणि दाबताना माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी भुवईसुद्धा हलवली नाही. हलवायला काही कारणच नव्हतं, पण ते तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या अंगणात तोंड धुताना साबण लागला म्हणून डोळे मिटले आणि तोल जाऊन सरळ तुळशीच्या कट्ट्यावर बसले. डोळे मिटले की पाय कुठं आहेत ते मला कळायचं नाही. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, तुमच्या अंगणाला उतार आहे.

मेहुणे शाळेत मास्तर, परीक्षेच्या पेपरांत मानेपर्यंत बुडालेले. त्यांनी तपासता तपासता मान वर न करता विचारलं, "ताई, डॉक्टर काय म्हणाले?"

"थांबू म्हणाले."

"मग थांबा की घरी. इथं कशाला उन्हातान्हाचं?"

सगळ्या घरात एवढं एकच वाक्य शहाणपणाचं होतं, म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही.

मुरबाडच्या पुढे

सरळगावावरून मुरबाड, आणि मुरबाडपासून आम्ही ज्याला वडाप म्हणतो तसली जीप. आत चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि एक शिवणयंत्र. शिवणयंत्र माझ्या पायांवर होतं असं सुमीनं उतरताना सांगितलं.

पाडा डोंगराच्या पोटाशी. मोहाची फुलं वेचून अंगणात वाळत घातलेली, त्यांचा आंबूस गोड वास सगळीकडं. मी डोळ्यांसमोर बाबा उभा केला होता तो भगवा, जटा, राख फासलेला. प्रत्यक्षात निघाला बनियन आणि अर्ध्या चड्डीतला एक वाळका शेतकरी, कानाला तुटकी दांडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा. माझी निराशाच झाली. भोंदूगिरी करायची तर निदान नीट पोशाख तरी करावा!

अंगणात चूल, चुलीत तीन विटा. चार माणसं आमच्या आधी रांगेत. इलाज असा: तापलेली वीट चिमट्यानं काढून जमिनीवर ठेवायची, तिच्यावर रुईच्या पानांचा जाड थर, आणि रोग्यानं त्यावर टाच टेकवायची. ऊब सोसेनाशी झाली की रोग्यानंच "पुरं" म्हणायचं. बाबा मधे बोलत नाही, वेळ बघत नाही, मोजत नाही. ज्याचा पाय त्यालाच कळतं, असा इथला कारभार. असं तीनदा.

हे मला भारी विनोदी वाटलं. मी सुमीच्या कानात म्हटलं, "म्हणजे औषधाचं माप रोग्यानं ठरवायचं. छान! उद्या परीक्षेचे गुण पण पोरांनीच घालायचे."

"हळू बोल गं."

पहिल्या बाईनं टाच टेकवली, दहापर्यंत आकडे म्हणण्याइतका वेळ गेला आणि ती "पुरं, पुरं!" म्हणून पाय झाडत उठली. तिच्यामागून एक दांडगा मिशाळ माणूस बसला. तो तर वीट अंगावर आल्यासारखा उडाला आणि बायको त्याला हसली. मी हे सगळं नाक मुरडून बघत होते. माझी पाळी आल्यावर या लोकांना दाखवायचं असं मी ठरवलं होतं. काय दाखवायचं ते मात्र नक्की नव्हतं.

बाबानं मला खाटेच्या कडेवर बसवलं. "कुठं होतं, बाय?"

"तळव्यांना. मुंग्या येतात."

"आता येत्यात?"

"येतात ना." हे खोटं होतं. मुंग्या दिवाळीतच थांबल्या होत्या. त्या थांबल्या तेव्हा मला वाटलं, चला, बरं वाटायला लागलं. पंधरा दिवसांनी लक्षात आलं की मुंग्याच काय, फरशीही लागत नाही, पाणीही लागत नाही. डॉक्टरांच्या टेबलावर तो नादकाटा मला दिसला होता, त्याचा आवाज ऐकू आला होता, म्हणून मी "कळतंय" म्हटलं होतं. अठ्ठावीस वर्षं शेजारच्याच्या पेपरात बघणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढलं!

त्यानं वीट ठेवली, पानं घातली. "ऊन लागलं की पुरं बोल. लाजू नको," म्हणाला आणि मागच्या म्हातारीचं गाठोडं उचलून द्यायला वळला.

मी पाय टेकवला. काही नाही. थोडा वेळ गेला. काही नाही. मग माझं डोकं सटकलं. पोटात खूप आत कुठंतरी मला आशा होती हो, की हा अडाणी माणूस वीट लावील आणि मला निदान एक चटका बसेल. एवढ्यासाठी मी कोल्हापूरहून आले होते. आणि ही वीट गार!

"ओ बाबा!" मी ओरडले. "वीट तापवली तरी होती का? बाकीच्यांना भाजतं आणि मला गार विटेवर बसवता? परगावची म्हणून?"

बाबानं वळून बघितलं. मी उजव्या पायानं रुईची पानं बाजूला सारली आणि डावा तळवा सरळ विटेवर दाबला. "हे बघा! सगळ्यांनी बघा! विटेला उष्णता धरून ठेवायची ताकद किती असते हे सातवीतल्या पोराला विचारा. चुलीतून काढली की हवेनं निवते. वर पानं घातली म्हणजे कुणाला बघता येत नाही. पी हळद हो गोरी! भोळ्या माणसांना..."

मी बोलतच होते. अंगणात सगळे गप्प झाले होते, आणि ते मला ऐकतायत असं मला वाटलं. कसला तरी वास आला. वाटलं, चुलीत कुणी चामडं टाकलं.

सुमीनं किंकाळी फोडली.

बाबानं माझा पाय गुडघ्याखाली धरून वर उचलला, इतका जोरात की मी खाटेवर उताणी पडले. "पाणी वत! पाणी!" कुणीतरी हंडा आणला. त्यांनी पाणी ओतलं तेही मला कळलं नाही, साडी भिजलेली दिसली म्हणून कळलं. तळव्याचं काय झालंय ते मला सुमीच्या तोंडावर दिसलं. तिनं तोंडात पदर कोंबला होता.

"बाय," बाबा म्हणाला. "माझ्याकं मुंग्यावाली येत्यात, टाच दुखल्याली येत्यात. नाचत्यात, वरडत्यात, मला शिव्या देत्यात. कुणी आसं नाय बसलं. तुला मुंग्या नाय येत. नायच येत. मला खोटं का सांगितलंस?"

मी भिजलेल्या साडीचा काठ पिळायला लागले.

"पुरं बोलायचं ते तुज्या पायानं सांगायचं असतं. तुझा पाय बोलत नाय, तर मी काय करू? हे माज्या हातचं नाय. डॉक्टरकं जा. आता जा." आणि त्यानं रांगेतल्या त्या मिशाळ माणसाला हाक मारून त्याची मोटारसायकल काढायला लावली. चुलीतल्या उरलेल्या दोन विटा त्यानं चिमट्यानं ओढून बाहेर मातीत टाकल्या. मी कोल्हापूरहून ज्याचं पितळ उघडं पाडायला आले होते तो हा माणूस.

मुरबाड

मोटारसायकलवर मी मधे, सुमी मागे, माझा पाय ओल्या टॉवेलात बांधून तिनं मांडीवर आडवा घेतलेला. एका दवाखान्यात पोचलो. तिथली सिस्टर तरुण, वेणी घातलेली, कामाला चटपटीत. तिनं कात्री घेतली, सुटलेली कातडी कापायला लागली आणि म्हणाली, "आजी, लागंल. ओरडायचं तर ओरडा, इथं सगळे ओरडतात."

मी छताकडं बघत बसले. पंखा होता, त्याला जळमटं होती. तिनं कापलं, पुसलं, मलम लावलं.

"बापरे," ती सुमीला म्हणाली. "काय धीराच्या आहेत हो तुमच्या ताई! जवान माणसं माझ्या हातात पाय देत नाहीत."

सुमी माझ्याकडं बघत होती. तिला कळलं होतं. पाड्यावरच कळलं होतं. तरी माझी झाकली मूठ तिनं झाकलेली राहू दिली. मी आयुष्यभर हिला मठ्ठ म्हणत आले. त्या वेळी मला इतकी लाज वाटली की मी त्या बाकड्यावर बसून हमसाहमशी रडायला लागले, आणि सिस्टरला वाटलं आत्ता दुखायला लागलं.

"थांबते, थांबते हं आजी."

"दुखत नाही," मी म्हटलं. "मला काहीच कळत नाही. तुम्ही पाय कापून नेला तरी कळायचं नाही. धीर कसला? डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. त्यांच्या गोळ्यांना भ्याले."

सिस्टरनं कात्री ठेवली. केसपेपर पुढं ओढला, पेनाचं टोपण दातानं काढलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"कुठपर्यंत? डोळे मिटा." ती कापसानं खालून वर हात लावत गेली. मी गप्प. घोटा गेला असावा. नडगीवर कुठंतरी मला कापूस लागला आणि मी म्हटलं, "इथं." डोळे उघडून बघितलं तर घोट्याच्या वर चांगली वीतभर जागा गेली होती. मला वाटत होतं त्याच्यापेक्षा पुष्कळ वर.

"दोन्ही पाय?"

"दोन्ही. लिहा."

तिनं लिहिलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "आणि हात?"

सुमीनं माझा हात धरला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. "बोटांच्या शेंड्यांना सुरू झालंय," मी म्हटलं. "साडीच्या पिना लागत नाहीत."

कोल्हापुरात पोचल्याच्या चौथ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या. सुमी सोबत आली होती. डॉक्टरांसमोर मी काही लपवते का ते बघत बसली होती. भाजलेला पाय भरायला अडीच महिने लागले. पायांतलं गेलेलं काही परत आलेलं नाही, काठी घेऊन चालते. हातांचं मात्र तिथंच थांबलंय. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय.